शेंदरी बुंधे

बाबूजी कामावरून आले की दारात त्यांच्या आधी जवसाच्या तेलाचा वास पोचायचा. आमच्या घरात हा वास दोन ठिकाणांहून येई. एक मायचा खलबत्ता, ज्यात ती जवसाची चटणी कुटायची, आणि दुसरा बाबूजींचा सदरा. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि बाबूजी एका ठेकेदाराच्या रंगारी टोळीत होते. लोखंडाला आधी तारेच्या ब्रशानं घासायचं आणि घासलेलं लोखंड पुन्हा गंजायच्या आत त्याला शेंदरी रंगाचा पहिला हात द्यायचा, हे त्यांचं काम. साहेबलोक त्या रंगाला रेडलेड म्हणत. जड, मऊ शेंदरी पूड बादलीत घ्यायची, जवसाच्या तेलात कालवायची, की झाला रंग. बाबूजी त्याला सरळ शेंदूर म्हणत आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मारुतीला लावतात तोच तो. तिथं चिमूटभर लागतो, इथं पोत्यानं लागे. माय त्यांचे कपडे वेगळे धुवायची, पण ते का, तर तेलकटपणा आमच्या कपड्यांना लागू नये म्हणून. दुसरं काही कारण असू शकतं हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

कॅम्प वन या मजुरांच्या वस्तीतल्या आमच्या खोलीवर पत्रे होते. कारखान्याच्या बाजूनं दिवसभर खांब ठोकल्याचा आवाज यायचा, आणि त्या ठोक्यांनी मायच्या फळीवरची भांडी इंच इंच पुढं सरकायची. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती सगळी भांडी मागं ढकलून ठेवायची, जशी दुसरी एखादी बाई अंगण झाडेल. सकाळी रात्रीचा भात कांदा-तिखटावर परतलेला, रात्री लाखोरीची डाळ आणि पुन्हा भात, बाजाराच्या दिवशी सुकटीचे झिंगे. पलीकडच्या खोलीत मेश्राम काकू राहायच्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, मूळचे आमच्यासारखेच भंडाऱ्याकडचे, आणि त्यांनी नुकताच बौद्ध धम्म घेतला होता. बाबूजी कॅम्पातल्या सगळ्यांना डब्यातून शेंदूर वाटायचे, कुणाच्या दारच्या मारुतीला, कुणाच्या गावदेवीला. काकूंना विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, की आमचे देव आम्ही नदीत सोडून आलो, आता तुमचा शेंदूर आमच्या कोणत्या कामाचा. त्या काळात त्यांच्या घरी शेंदूर गेला नाही हे त्यांचं नशीबच म्हणायचं.

बाबूजी तुमसरकडचे. भाऊ चार आणि जमीन एवढी, की वाटणी केली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक बांध आला असता. म्हणून ते तरुणपणीच घर सोडून काटोलकडे एका संत्र्याच्या बगिच्यात सालदार म्हणून राहिले. झाडाचं जे काही त्यांना कळत होतं ते तिथलं. कारखान्याच्या कामावर ते पोटासाठी आले, पण जीव त्यांचा झाडांत. जेवताना त्यांचा एकच विषय असे. माय कंटाळून म्हणायची, की दोन वेळ मिळून राहिलं ना, मग कशाला त्या मातीचं एवढं. त्यावर ते एकदा घास हातात धरून म्हणाले होते, “माणसाच्या नावानं हातभर तरी माती पायजे. नाई त मेल्यावर कोणाले कळन, हा इथं राहात होता म्हून?” मला ते वाक्य फार भारी वाटलं होतं. मायला वाटलं नाही. तिनं डाळ वाढली.

हातभर नाही, पण अर्ध्या हिश्शाची माती त्यांना जुनवानीला मिळाली. आज जुनवानी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बंगले आणि कोचिंग क्लासच्या पाट्या येतात. तेव्हा ते धानाच्या बांध्यांमधलं साधं खेडं होतं. तिथं सुखवारो नावाची एक विधवा म्हातारी होती, सगळे तिला दाई म्हणत. तिचा मुलगा कारखान्यात खलाशी, म्हणजे जड सामान हलवणारा मजूर, म्हणून लागला होता आणि लोखंडाची चटक लागल्यावर मातीत हात घालायला तयार नव्हता. दाईच्या तलावाकाठच्या तुकड्यात पेरूची झाडं होती. पेरूला आमच्या घरात जाम म्हणत आणि दाईच्या घरात बिही. झाडं जुनी, दुर्लक्षित, बुंध्यांना वाळवी लागलेली. दाईनं तो तुकडा बाबूजींना अध्यानं दिला. मेहनत यांची, झाडं तिची, पीक अर्धं अर्धं. दर रविवारी बाबूजी माझ्या धाकट्या बहिणीला, शकूला, खांद्यावर बसवून निघायचे आणि मी मागून चालायची. शकू तेव्हा तीनेक वर्षांची असेल, गोरी, गुबगुबीत आणि फार बोलकी. मी दाईच्या नातींबरोबर खेळून, त्यांच्या घरची बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, खाऊन त्यांची छत्तीसगढी शिकले. मायला ती शेवटपर्यंत आली नाही.

काटोलकडे झाडाच्या बुंध्याला गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत गेरू-चुना फासतात. त्यानं वाळवी चढत नाही आणि बगिचा दिसतोही नीटस. बाबूजींना इथंही तेच करायचं होतं. पण गेरूसाठी बाजारात कशाला जायचं, घरात डबा होता. दिवस संपताना बादलीत जो शेंदूर उरायचा तो दुसऱ्या दिवशीपर्यंत दगडासारखा व्हायचा, म्हणून टोळीतले लोक तो ओतून द्यायचे. बाबूजी तो डब्यात भरून आणायला लागले आणि एका रविवारी त्यांनी सगळ्या झाडांना गुडघाभर शेंदूर फासला. मनाजोगतं झालं म्हणून बादल्यांची खरवड आणि सांडलेली पूड आणून त्यांनी प्रत्येक झाडाच्या आळ्यात, मुळाशी कालवली, की खालूनही वाळवी येऊ नये. ती शेंदरी बुंध्यांची रांग तलावाच्या पाण्यात दिसायची. दाईनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा प्रत्येक झाडाला हात जोडले. पुढं गावातल्या बायका जाता-येता बुंध्याशी चार दाणे तांदूळ टाकू लागल्या. बाबूजींना त्याचं हसू यायचं आणि मनातून बरंही वाटायचं.

वाळवी गेली, हे खरं आहे. त्या वर्षी झाडं अशी लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. हिवाळ्यात दाईच्या सुनेनं टोपल्या भरून कॅम्प वनच्या बाजारात नेल्या आणि आमच्या घरी खोलीभर पेरूचा वास सुटला. मेश्राम काकूंनी फक्त एकदाच विचारलं, की भाऊ, लोखंडाचा रंग झाडाले चालते काय. बाबूजी म्हणाले, “देवाले चालते ते झाडाले कावून नाई चालणार?” मी आज विचार करते तेव्हा मला बाबूजींचं म्हणणं अडाणीपणाचं वाटत नाही. बगिच्याची रीत एकीकडची, रंग दुसरीकडचा, श्रद्धा तिसरीकडची. तिन्ही आपापल्या जागी ठीक होत्या. त्या एका माणसाच्या हातात एकत्र आल्या एवढंच झालं.

पुढच्या पावसाळ्यानंतर बुंध्यांवरचे पोपडे सुटायला लागले, म्हणून बाबूजींनी नवा हात दिला. दाईची एक कालवड त्या तुकड्यात बांधलेली असायची. दाई आपल्या गायीला जवसाची ढेप चारायची, आणि ढेपेचा वास कालवडीला आईच्या तोंडाचा म्हणून ओळखीचा. ताज्या रंगाचाही वास तोच. तिनं दाव्याच्या टप्प्यातला सगळा बुंधा चाटून पुसून काढला. आम्ही ते पाहिलं आणि हसलो; शकू टाळ्या पिटत होती. काही दिवसांनी कालवड दात खायला लागली, गोल गोल फिरायला लागली, भिंतीला डोकं लावून उभी राहायला लागली. तिला दिसत नव्हतं. मग ती मेली. दाई तिच्या अंगावर पडून रडली. बाबूजींनी कालवडीचे पाय तपासले आणि सांगितलं की साप लागला असेल. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

शकूचं पोट त्याच सुमारास दुखायला लागलं. आधी मायनं ओवा दिला, मग एरंडेल, मग मीठ-मोहऱ्या उतरवल्या. पोरगी पांढरी पडत गेली. खाल्लेलं ओकायची, आणि बोलणं कमी कमी होत तिनं एक दिवस बोलणं सोडूनच दिलं, नुसती पाहायची. बाबूजींचंही पोट वर्षभर धरत होतं, पण पुरुषाच्या पोटदुखीला आमच्या घरी वात म्हणत आणि विषय संपे. एका सकाळी शकूचे हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. मेश्राम काकू धावत आल्या आणि मायच्या हातातल्या मोहऱ्या त्यांनी बाजूला ठेवल्या. “मोहऱ्या बस झाल्या, ताई. पोरीले उचल,” एवढंच त्या म्हणाल्या. माय, काकू आणि मी, आम्ही तिला घेऊन दवाखान्यात गेलो. बाबूजी कामावरून परस्पर तिथं आले, तसेच, रंगाच्या हातांनी.

डॉक्टरीणबाई बंगालकडच्या होत्या, हिंदी तुटक बोलत. त्यांनी शकूला तपासलं, मग त्यांची नजर बाबूजींच्या नखांवर गेली. काय काम करता, विचारलं. मग त्यांनी बाबूजींना खालचा ओठ ओढून धरायला सांगितला आणि मायलाही जवळ बोलावून दाखवलं. बाबूजींच्या हिरड्यांच्या कडेनं एक निळसर रेघ होती. हे शिसं आहे, त्या म्हणाल्या, रंगात असतं, रंगाऱ्यांना होतं, पण एवढ्या पोरीच्या अंगात कुठून आलं? बाबूजी घरी येऊन हात धुतात की नाही, कपडे कुठं ठेवतात, सगळं विचारून झालं. मग त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं की ही खेळते कुठं. मी सांगितलं, बिहीच्या झाडांखाली. ती नखांनी बुंध्याचे पोपडे काढते आणि खाते. गोड लागतात म्हणायची. बाबूजी भिंतीशी उभे होते. ते खाली बसले.

बाईंनी पुढं जे सांगितलं ते मला बरंचसं आठवतं, कारण घरी आल्यावर मायनं ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. शिसं सडत नाही, जळत नाही, पावसानं वाहून जात नाही. मातीत गेलं की मातीतच राहतं. फळाच्या आत किती जातं ते मला ठाऊक नाही, त्या म्हणाल्या, पण सालीला लागलेली धूळ, खाली पडलेलं फळ, तिथली माती लागलेला हात, यांतून ते पोटात जातं. मायनं विचारलं, मग ती फळं खावीत की नाही? बाई म्हणाल्या, माझ्या मुलांना मी देणार नाही. इतकं सरळ उत्तर मला त्यानंतर फार कमी डॉक्टरांकडून मिळालं आहे.

शकू वाचली. आज ती माझ्याजवळच राहते, सत्तरीला टेकली आहे, केस माझ्यापेक्षा काळे आहेत. तिला घड्याळ कळत नाही आणि दोन वाक्यांपुढचं बोलणं तिला पेलत नाही. शाळेत तिला दोनदा घातलं आणि दोनदा परत आणलं. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. ती हसते, जेवते, तुळशीला पाणी घालते. पण लोक विचारतात तेव्हा ती जन्मापासून अशी आहे असं मी सांगत नाही. ती जन्मापासून अशी नव्हती.

शकू दवाखान्यात असताना जुनवानीला झाडं पिकानं वाकलेली होती. बाबूजींनी टोळी बदलून घेतली, मातीकामावर गेले, शेंदूर घरात यायचा बंद झाला. पण दाईला सांगायचं त्यांच्या तोंडून निघेना. रविवारी ते नेहमीप्रमाणं गेले, फळं उतरवली आणि दाईच्या सुनेनं टोपल्या बाजारात नेल्या. सांगितलं, तर तुकडा जाणार, हे उघड होतं. कालवडीचं पाप डोक्यावर येणार, हेही. माय त्यांच्यासमोर ताट ठेवून बसली आणि तिनं विचारलं, की त्या टोपल्या कोणाची लेकरं खातात. बाबूजी म्हणाले, “यंदाचं पीक निघू दे. मंग सांगतो.”

“मंग कोणाले सांगान?” माय म्हणाली. “खाऊन झाल्यावर?”

ते जेवले नाहीत. मायही जेवली नाही. मला दोघांचाही राग आला होता, भूकही लागली होती, आणि पहिल्यांदाच मला बाबूजींची कीव आली. आपल्या बापाची कीव येणं मुलाला आवडत नाही, मलाही आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी माय मला घेऊन जुनवानीला गेली. तोवर ती दाईला नुसती हसण्याइतकीच ओळखत होती. दाई ओसरीवर सूप घेऊन धान पाखडत बसली होती. माय तिच्यासमोर जमिनीवर बसली, मला मध्ये बसवलं आणि म्हणाली, “मी बोलतो तसंच सांग. कमी नको करू.” मग तिनं सगळं सांगितलं, शेंदूर, शिसं, माती, शकू, आणि शेवटी कालवड. मी एकेक वाक्य उचलून पलीकडं ठेवत गेले. माझ्या बापानं तुझी कालवड मारली, असं एक वाक्य त्यात होतं आणि त्याला छत्तीसगढीत दुसरा कुठला मऊ शब्द मला सापडला नाही. दाईचं सूप थांबलं. तिनं एवढंच विचारलं, “मोर नाती मन घलो खाए हें?” माझ्या नातींनीही खाल्लीत का, असं. त्या नाती मागच्या दारात उभ्या होत्या. त्याच दुपारी आम्ही तिला आणि नातींना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना त्यांच्यात काही दिसलं नाही. दाई तिथल्या बाकावर इतकी दमून बसली, की मायनं तिचा हात धरला, आणि दोघी एकमेकींची भाषा नसताना बराच वेळ तशाच बसल्या.

येणाऱ्या रविवारी दाईनं बाबूजींना बोलावणं पाठवलं. आम्ही सगळेच गेलो. शकू नुकती घरी आली होती, तिला बांधावर पोत्यावर बसवलं. दाई काठी घेऊन आधीच येऊन उभी होती. ओरडली नाही. रूख मन ला काट दे, झाडं तोडून टाक, म्हणाली. बाबूजींनी कुऱ्हाड घेतली. पिकलेल्या फळांसकट एकेक झाड खाली आलं. त्यांनीच टेकू दिलेल्या फांद्या होत्या त्या. गावातली पोरं पडलेली फळं उचलायला धावली तर दाईनं काठी उगारून त्यांना हाकललं. मग आळ्यांतली माती उपसायची ठरली आणि ती टाकायची कुठं, हा प्रश्न आला. बाबूजी म्हणाले, तलावापलीकडं पडीक आहे. दाईनं मान हलवली. आपली माती आपण दुसऱ्याच्या शेतात टाकत नाही, ती म्हणाली. मग त्याच तुकड्याच्या कोपऱ्यात खड्डा खणला. फळं, बुंध्यांची साल, आळ्यांतली शेंदरी झालेली माती, सगळं त्यात गेलं. पण कुठवरची माती वाईट आणि कुठून पुढं चांगली, हे कुणाला सांगता येत नव्हतं. बाबूजी खणत राहिले. दिवस कलला तेव्हा दाईनंच त्यांना थांबवलं.

बाबूजी घामानं निथळत तिच्यापुढं उभे राहिले, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. त्यांनी मला सांगितलं की दाईला म्हण, मी आता येणार नाही, तुझी जमीन तुला परत. मी म्हटलं. दाईनं काठी त्या खोदलेल्या तुकड्यात टेकवली. मग म्हणाली, “तैं बिगाड़े हस, त तहीं राख. आज ले ये तोर आय.”

बाबूजींना शब्द कळले असावेत, तरी त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, “ते म्हणते, तुमीनं नासवली त आता तुमीच सांभाळा. आजपासून हे जमीन तुमची.” त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. दाई तोवर वळून गावाकडं चालू लागली होती. तिनं तो शब्द पुढं कधी मागं घेतला नाही. गावातही तसंच सांगितलं, आणि मराठी माणसाला नागपुरिया म्हणणारे जुनवानीचे लोक त्या तुकड्याला नागपुरियाचं खेत म्हणायला लागले. त्यात बाबूजींनी पुढं झेंडू लावला, दसऱ्याला विकला. खायचं असं काही त्यांनी तिथं कधी लावलं नाही.

पण त्या संध्याकाळी ते वाकले आणि त्यांनी मूठभर माती उचलली. आपली जमीन झाली की माणूस करतो तसा त्यांचा हात आपसूक कपाळाकडं गेला. मध्येच थांबला. शकू बांधावरून पाहत होती, पोत्यावरून उतरून त्यांच्याकडं यायला निघाली होती. त्यांनी मूठ उघडून माती खाली सोडली, हात अंगापासून लांब धरला आणि मला म्हणाले, “पहिले तिले उचल. अन् पाणी आण, मले हात धुवाचे हायेत.”